दोन झेंडे, एक टेबल आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं सगळं

तीन आठवडे झाले माझ्या ब्राउझरमध्ये कायम पंधरा-वीस टॅब उघडे आहेत आणि प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या देशाचा आलेख आहे. कारण भाची. तिच्या वादविवाद स्पर्धेचा विषय निघाला "लोकशाही देशातली माणसं जास्त सुखी असतात", ती बाजूने बोलणार, आणि आकडे शोधायचं काम आलं मावशीकडे म्हणजे माझ्याकडे, कारण आमच्यात मी 'कॉम्प्युटरवर बसणारी' म्हणून ओळखली जाते. म्हटलं अर्ध्या तासाचं तर काम, दोन देश टाकायचे, टेबल येतं, प्रिंट मारायची, सुटलो. कसलं काय. पण त्या नादात देशांची तुलना करून देणाऱ्या सात-आठ साइट्स चांगल्या खरवडून झाल्या, तर म्हटलं लिहून टाकावं, अजून कुणाची भाची असेल.

वाईटापासून सुरुवात करते म्हणजे राग निघून जाईल. सर्च केलं की पहिल्या पाचात ज्या साइट्स येतात त्यातली एक आम्ही उघडली, नाव घेत नाही कारण अशा डझनभर आहेत आणि सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. डावीकडे एका देशाचा झेंडा, उजवीकडे दुसऱ्याचा, मध्ये 'विरुद्ध', खाली सत्तर-ऐंशी ओळी आणि प्रत्येक ओळीत जो जिंकला त्याला हिरवी टिक. क्रिकेटचा स्कोअरबोर्ड वाटावा असं. दिसायला एकदम झकास, मोबाइलवर पण छान चालतं, भाची खूश. तिने स्वीडन आणि जपान टाकलं. आणि बलात्काराच्या गुन्ह्यांची ओळ आली तिथे थबकली, कारण स्वीडनचा दर जपानच्या कितीतरी पट. "मावशी, स्वीडन एवढं भयंकर आहे?"

नाही बाई. स्वीडनचे पोलीस प्रत्येक घटना वेगळी मोजतात, म्हणजे एकाच बाईने सांगितलं की वर्षभरात पन्नास वेळा झालं तर ती नोंद पन्नास वेळा होते, आणि नोंद होते ती तक्रार आली त्याच वेळी, नंतर तपासात काही का निघेना. वर कायद्याची व्याख्या मुळातच रुंद, ती २००५ मध्ये अजून वाढवली आणि २०१८ पासून तर संमती नसणं एवढंच पुरेसं धरतात. जपानमध्ये व्याख्या बराच काळ अरुंद होती, २०१७ मध्ये बदलली, मग २०२३ मध्ये परत बदलून संमतीवर आणली. म्हणजे त्या एका ओळीत दोन देशांतले गुन्हे कमी आणि दोन देशांतले कायदे आणि रजिस्टर लिहायच्या पद्धती जास्त आहेत. हे सगळं त्या साइटवर कुठे लिहिलंय? कुठेच नाही. हिरवी टिक मात्र आहे. बायका जिथे जास्त मोकळेपणाने तक्रार करतात तो देश हरला आणि झालं, पुढची ओळ.

तरी मी म्हटलं बाकीचे आकडे घेऊ. इथे माझी चूक. सराव फेरीत भाचीने बेरोजगारीचा आकडा फेकला आणि समोरच्या मुलाने एवढंच विचारलं, "कोणत्या वर्षाचा?" संपलं. साइटवर वर्षच नव्हतं, नंतर मी खोदून बघितलं तर डाव्या झेंड्याचा आकडा एका वर्षाचा, उजव्याचा त्याच्या सहा वर्षं आधीचा. दुसऱ्यांच्या पिठावर रेघोट्या मारायच्या आणि पीठ कुठून आणलं ते पण सांगायचं नाही. एक स्टार. तो पण झेंड्यांना.

आता चांगलं. 'अवर वर्ल्ड इन डेटा'. ऑक्सफर्डच्या मॅक्स रोझर यांनी सुरू केलेली साइट, फुकट, जाहिरात नाही, लॉगिन नाही, त्यांनी स्वतः बनवलेले आलेख नाव देऊन कुठेही वापरायला मोकळे. एखादा विषय उघडला की तोच आकडा नकाशात, रेषांच्या आलेखात आणि टेबलात बघता येतो, खाली वर्षांची पट्टी असते ती बोटाने सरकवायची, देश आपल्या मनाचे निवडायचे, आणि सगळं डाउनलोड करायचं तर एका क्लिकवर फाइल मिळते. नकाशात ज्या देशाचा डेटा नाही तिथे तिरप्या रेघा मारलेल्या असतात. हे मला सगळ्यात आवडलं. बाकी साइट्सवर डेटा नसला की देश यादीतून गुपचूप गायब होतो आणि तुम्हाला वाटतं क्रमवारी पूर्ण जगाची आहे. इथे भोक दिसतं.

आणि प्रत्येक आलेखाखाली 'या डेटाबद्दल अधिक' छाप एक लिंक आहे, मी पैजेवर सांगते बहुतेक लोक ती कधी दाबत नाहीत, पण खरा माल तिथे आहे. कुणी मोजलं, कसं मोजलं, कुठल्या देशात अंदाजाने भरलं, व्याख्या काय. उदाहरणार्थ विषमतेचा गिनी निर्देशांक (आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त). जागतिक बँकेच्या ज्या डेटावर तो उभा आहे त्यात काही देशांत घरटी उत्पन्न विचारलंय आणि काही देशांत घरटी खर्च. लॅटिन अमेरिका, युरोप साधारण उत्पन्नवाले, आशिया-आफ्रिकेतले बरेचसे खर्चवाले. आता श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खर्च करत नाही, उरलेलं साठवतो, म्हणजे खर्चाने मोजलं की विषमता आपोआप कमी दिसते. तेव्हा ब्राझीलचा गिनी आणि एखाद्या आशियाई देशाचा गिनी शेजारी ठेवून "बघा आम्ही किती समान" म्हणणं म्हणजे एकाची उंची बूट घालून मोजायची आणि दुसऱ्याची अनवाणी. हे तिथे लिहिलेलं आहे, साध्या इंग्रजीत. फक्त इंग्रजीत आहे हा भाग आपल्यासाठी अडचणीचा, भाचीला मला शेजारी बसून सांगायला लागलं. आणि दुसरं म्हणजे ही साइट बहुतेक आकडे स्वतः गोळा करत नाही, दुसऱ्यांचे आणून नीट मांडते, त्यामुळे मूळ संस्थेने नवीन आकडे दिले की मगच इथे येणार, हे धरून चालायचं.

विषय लोकशाहीचा होता त्यामुळे खरी मजा तिथे आली. भाचीला हवं होतं "लोकशाही देशांची यादी". एवढं सोपं. मी तिला म्हटलं हंगेरी टाक.

देशांच्या लोकशाहीला गुण देणारे तिघं बघितले. फ्रीडम हाउस म्हणतं हंगेरी 'अंशतः मुक्त'. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातला व्ही-डेम प्रकल्प म्हणतो 'निवडणुका घेणारी एकाधिकारशाही'. आणि इकॉनॉमिस्ट गटाचा लोकशाही निर्देशांक त्याच देशाला त्याच काळात 'सदोष लोकशाही' म्हणत होता. एक देश, तीन पाट्या. एका यादीत तो लोकशाहीत जातो, दुसरीत हुकूमशाहीत, तिसरीत मध्ये लटकतो. भाची म्हणाली मग खरं कोण बोलतंय? मला पण पहिल्यांदा तोच प्रश्न पडला होता, पण तिन्हींच्या पद्धती वाचल्या की कळतं तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत आणि नाव मात्र एकच देतायत.

फ्रीडम हाउस ही अमेरिकेतली जुनी संस्था, १९४१ ची, त्यांचा वार्षिक अहवाल १९७३ पासून. २५ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, १० प्रश्न राजकीय हक्कांचे म्हणून ४० गुण, १५ नागरी स्वातंत्र्याचे म्हणून ६०. बेरीज शंभर. शाळेच्या पेपरासारखं, म्हणून समजायला सगळ्यात सोपं आणि प्रत्येक देशाला कोणत्या प्रश्नात किती मिळाले आणि का, ते परिच्छेद लिहून सांगतात. तो मजकूर वाचा, गुण राहू द्या बाजूला. संस्थेला अमेरिकन सरकारकडून पैसा मिळत आलाय म्हणून काही लोक नाक मुरडतात, ते आक्षेप पण माहीत असावेत, पण कारणं लिहून दिलीयेत म्हटल्यावर तुम्ही ती तपासू तरी शकता.

इकॉनॉमिस्टवाल्यांचे ६० प्रश्न, शेवटी देशाला ० ते १० मध्ये गुण, २००६ पासून. त्यात निवडणुका आहेत, सरकार चालतं कसं ते आहे, आणि लोकांचा सहभाग, राजकीय संस्कृती हे पण आहे. त्यामुळे माध्यमांवरचा दबाव खूप वाढला तरी बाकीचे विभाग देशाला सावरून धरतात. काही उत्तरं तज्ज्ञांची, काही सर्वेक्षणांची, आणि आतली गुणपत्रिका फ्रीडम हाउससारखी प्रश्नागणिक उघडून दाखवत नाहीत. म्हणून माझ्या यादीत हा खाली.

व्ही-डेम म्हणजे या सगळ्यातला अभ्यासू मुलगा. १७८९ पासूनचा डेटा, हजारो तज्ज्ञ, एका देशाच्या एकाच प्रश्नाला अनेक तज्ज्ञ उत्तर देतात, मग कोण किती कडक आणि कोण किती सैल मार्क देतो ते मॉडेलने काढून टाकायचा प्रयत्न करतात (दोन परीक्षकांचे पेपर एकत्र केले की होतं ना तसं), आणि शेवटी नुसता एक आकडा देत नाहीत तर आकड्याच्या वर-खाली पट्टा पण देतात, की बाबा खरं उत्तर या पट्ट्यात कुठेतरी असेल. अवर वर्ल्ड इन डेटावर व्ही-डेमचे आकडे असेच वरच्या-खालच्या मर्यादेसकट बघता येतात. भाचीने दोन देशांचे पट्टे बघितले आणि म्हणाली, "अगं हे एकमेकांवर चढलेत की." बरोब्बर. पट्टे एकमेकांवर चढलेत म्हणजे हा ३४वा आणि तो ३९वा असं बोंबलण्यात काही राम नाही. बातम्यांमध्ये येतो तो नंबर, पट्टा कधीच येत नाही. वापरायला मात्र व्ही-डेमची स्वतःची साइट जड आहे, शेकडो निर्देशक, संशोधकांसाठी बनवलेली, नवख्या माणसाने आधी अवर वर्ल्ड इन डेटावर बघावं आणि खाज उरली तर तिकडे जावं.

मग बायका संसदेत किती हा मुद्दा काढला, कारण भाचीला वाटलं लोकशाही म्हणजे तिथे बायका जास्त असणार. यादी उघडली तर सगळ्यात वर रवांडा. २०२४ च्या निवडणुकीनंतर खालच्या सभागृहात ६३ टक्क्यांच्या वर बायका, जगात दुसरं कुणी आसपास नाही. त्याच वर्षी तिथले अध्यक्ष कागामे ९९ टक्के मतांनी निवडून आले. आणि वरच्या यादीत अजून कोण तर संयुक्त अरब अमिरात, बरोबर ५० टक्के. २०१९ च्या फर्मानाने निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सभागृह ४० जणांचं, अर्धे नेमलेले, बाकी अर्धे निवडायला ठरावीक मतदारांची यादी, आणि सभागृहाचं काम सल्ला द्यायचं. आकडा शंभर टक्के खरा आहे, कुणी खोटं बोललेलं नाही. पण त्या ओळीवरून 'सत्ता' मोजायला गेलात तर फसलात. भाचीने तो मुद्दा वहीत लिहून त्याच्यावर काट मारली. मी म्हटलं काट नको मारू, शेजारी लिही की खुर्ची मोजलीय, खुर्चीवरून काय करता येतं ते नाही मोजलं.

मतदानाची टक्केवारी तर विचारूच नका. उत्तर कोरियाने २०१९ मध्ये ९९.९९ टक्के जाहीर केली होती. घ्या.

पण मला खरा धडा शिकवला तो लक्झेंबर्गने. एवढासा देश, मी आयुष्यात त्याचा विचार केला नव्हता. मतदानाचे आकडे ठेवणारी इंटरनॅशनल आयडिया नावाची संस्था आहे, तिच्या टेबलात दोन रकाने असतात, एक नोंदणीकृत मतदारांपैकी किती आले आणि दुसरा मतदानाच्या वयाच्या एकूण लोकसंख्येपैकी किती. लक्झेंबर्गमध्ये मतदान सक्तीचं आहे. पहिल्या रकान्यात देश एकदम हुशार मुलगा. दुसऱ्या रकान्यात एकदम घसरगुंडी. का? कारण तिथे राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक परदेशी नागरिक आहेत आणि राष्ट्रीय निवडणुकीत त्यांना मत नाही, पण लोकसंख्येत ते मोजले जातात. आता तोच देश दरडोई जीडीपीत (देशाचं एकूण उत्पादन भागिले लोकसंख्या) बघा, तिथे तो जगात अगदी वरच्या काहींत. कारण रोज दोन लाखांच्या वर लोक फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून सीमा ओलांडून तिथे कामाला येतात, जीडीपी वाढवतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांनी तयार केलेली संपत्ती अंशात, ते स्वतः छेदात नाहीत. म्हणजे एकीकडे मत नसलेले छेदात बसलेत म्हणून देश आळशी दिसतो, दुसरीकडे काम करणारे छेदात नाहीत म्हणून देश अतिश्रीमंत दिसतो. पाचवीतला अंश-छेद, दुसरं काही नाही. त्या दिवसापासून भाची कुठलाही आकडा बघितला की आधी विचारते, "छेदात कोण आहे?" आणि मला वाटतं तीन आठवड्यांची एवढी कमाई पुरे.

दरडोई जीडीपीवरून आठवलं, आयर्लंड. २०१५ मध्ये त्यांची अर्थव्यवस्था एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढली असं जाहीर झालं. लोक रातोरात श्रीमंत नव्हते झाले, मोठ्या कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. शेवटी त्यांच्याच सांख्यिकी कार्यालयाने वैतागून वेगळं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न काढायला सुरुवात केली. झेंड्यांच्या साइटवर आयर्लंडला अजून हिरवी टिकच आहे.

जागतिक बँकेची साइट ही या सगळ्यांची आजी. २०१० मध्ये त्यांनी डेटा सगळ्यांना फुकट केला, त्याआधी पैसे पडायचे. देश निवडा, निर्देशक निवडा, वर्षं निवडा, एक्सेल घ्या. दिसायला कोरडी, पण खाण आहे. इथे माझा स्वतःचा मूर्खपणा सांगते. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये जिथे आकडा नाही तिथे दोन टिंबं असतात. मला वाटलं काहीतरी कचरा आलाय, मी सगळी टिंबं शोधून त्यांच्या जागी शून्य टाकलं. मग सरासरी काढली आणि भाचीला अभिमानाने पाठवली. निम्म्या देशांत साक्षरता शून्य! तिने फोन करून विचारलं, "मावशी, बरी आहेस ना?" दुसरी चूक, त्या यादीत २१७ देश आणि प्रदेशांबरोबर 'अरब जग', 'युरो क्षेत्र', 'उच्च उत्पन्न देश' असे गट पण मिसळलेले असतात, मी सगळ्यांची लोकसंख्या बेरीज केली आणि पृथ्वीवर माणसं मावेनात. तैवान शोधत असाल तर मिळणार नाही, वेगळा दाखवतच नाहीत.

बेरोजगारीच्या नावाचे तिथे दोन प्रकार आहेत, एक देशाने स्वतः दिलेला आणि एक आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मॉडेलने काढलेला, आणि दोन देशांची तुलना करायची तर दुसराच घ्या कारण व्याख्या एक असते. व्याख्या पण वाचा म्हणजे गार पडाल, आठवड्यात एक तास मोबदल्यावर काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. आणि कतारची बेरोजगारी एक टक्क्याहून कमी का दिसते, तर तिथले बहुसंख्य कामगार बाहेरून आलेले, त्यांचा तिथला मुक्कामच नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की माणूस देशाबाहेर, आकड्याच्याही बाहेर. गरीब देशांत वेगळीच गत, बेकारभत्ता नाही म्हणून बेकार राहणं कुणाला परवडत नाही, माणूस काहीतरी विकत बसतो आणि रोजगारात मोजला जातो.

बँकेचंच अजून एक, 'डुइंग बिझनेस' नावाची प्रसिद्ध क्रमवारी होती, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याची, देशांची सरकारं त्यात वर चढल्याच्या जाहिराती करायची. २०१८ आणि २०२० च्या अहवालांत आकड्यांमध्ये गडबड झाल्याचं निघालं, चीन, सौदी, अमिरात, अझरबैजान यांचे आकडे होते ते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती क्रमवारीच बंद केली. नंबरासाठी धावायला लागले की असं होतं. पण त्या आधीच्या क्रमवाऱ्या दोन-झेंडेवाल्या साइट्सवर अजून फिरतायत, तारीख न लावता.

भ्रष्टाचाराचा निर्देशांक (ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल, १९९५ पासून) थोडक्यात सांगते. तो भ्रष्टाचार मोजत नाही, तज्ज्ञांना आणि व्यावसायिकांना किती वाटतो ते मोजतो, इंग्रजी नावातच 'पर्सेप्शन्स' म्हणजे 'वाटणं' लिहिलंय. आणि २०१२ मध्ये मोजपट्टी बदलली, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे गुण एका रेषेत जोडू नका. पत्रकार स्वातंत्र्याच्या क्रमवारीचं पण तेच, तिथे पद्धत २०२२ मध्ये बदलली. "अमुक देश एका वर्षात वीस नंबरांनी घसरला" हे वाचलं की आधी बघायचं, देश घसरला की फुटपट्टी.

गॅपमाइंडर मात्र निव्वळ आनंद. हान्स रोझलिंग (२०१७ मध्ये गेले) आणि त्यांचा मुलगा-सून यांनी उभं केलेलं, त्यातलं फुगे हलवणारं सॉफ्टवेअर २००७ मध्ये गूगलने घेतलं. प्रत्येक देश एक फुगा, लोकसंख्या जेवढी तेवढा मोठा, आडवं उत्पन्न, उभं आयुर्मान, आणि प्ले दाबलं की १८०० पासून सगळे फुगे तरंगायला लागतात. १९१८ ला इन्फ्लुएंझाच्या साथीत फुगे धाडकन खाली पडतात आणि परत वर येतात, ते बघून भाची गप्प झाली, मी पण. एक लक्षात ठेवा, आडवी पट्टी १०००, २०००, ४००० अशी दुपटीने जाते, त्यामुळे श्रीमंत आणि गरीब देश डोळ्याला वाटतात त्याहून फार लांब आहेत. आणि खूप जुने आकडे ढोबळ अंदाज आहेत, ते स्वतःच तसं सांगतात. मुलांना दाखवायला यासारखं दुसरं काही नाही, पण वादात पुरावा म्हणून यातलं १८४० वगैरे काढू नका.

शेवटी सुखाचा मुद्दा, मूळ विषय तोच होता. जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून फिनलंड पहिला. भाचीला (आणि मला) वाटायचं की उत्पन्न, आरोग्य, भ्रष्टाचार असं सहा गोष्टींचं मिश्रण करून तो नंबर काढतात. अजिबात नाही. एकच प्रश्न. समोर ० ते १० पायऱ्यांची शिडी आहे असं समजा, वर तुमचं सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, तुम्ही कुठे उभे? साधारण हजार माणसं दर वर्षी दर देशात, तीन वर्षांची सरासरी, झाला नंबर. त्या सहा गोष्टी नंतर, फरक का पडला असेल ते समजावायला जोडतात. हे कळल्यावर तिचं भाषणच बदललं. "सुखी" ऐवजी "स्वतःच्या आयुष्याला वरची पायरी देतात" असं म्हणायला लागली, आणि समोरच्याने अपेक्षेप्रमाणे अमिरात काढलं, कारण तो देश फ्रीडम हाउसच्या लेखी मुक्त नाही आणि शिडीवर जगात पहिल्या तीसात. तिच्याकडे लोकशाहीवाला कोस्टारिका तयार होता, २०२५ मध्ये सहावा, त्याच्याहून कितीतरी श्रीमंत लोकशाही देश त्याच्या खाली. परीक्षकांनी विचारलं हे कुठून आणलं, तर तिने वर्ष सांगितलं, किती माणसांना विचारलं ते सांगितलं, आणि लेबनॉनचा दरडोई आकडा मुद्दाम वापरला नाही कारण तिथली शेवटची जनगणना १९३२ ची, हे पण सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

तर माझे स्टार: अवर वर्ल्ड इन डेटा साडेचार (अर्धा भाषेसाठी कापला), गॅपमाइंडर चार, जागतिक बँक चार पण टिंबांना हात लावू नका, फ्रीडम हाउस त्यांच्या मजकुरासाठी साडेतीन, व्ही-डेम डेटाला पाच आणि वापरायला तीन, दोन-झेंडेवाली एक.

भाची पुढच्या फेरीत गेलीय. या वेळी विषय तोच आहे आणि तिच्या वाट्याला विरुद्ध बाजू आलीय. टॅब अजून बंद केलेले नाहीत.